ताकद वाढली, पेलणार कोण?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय घरात मोटार आली की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न असे, "अ‍ॅव्हरेज किती देते?" दुसरा प्रश्न किमतीचा आणि तिसरा रंगाचा. गाडीची अश्वशक्ती किती, हे विचारणारा माणूस बहुधा मेकॅनिक तरी असे किंवा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी तरी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी काय किंवा १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती ८०० काय, दोन्ही गाड्यांची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच होती. तेवढ्या भांडवलावर पाच माणसे, त्यांचे सामान आणि वर कॅरिअरवरची वळकटी घेऊन या गाड्या खंडाळ्याचा घाट चढत. घाटमाथ्यावर रेडिएटरमध्ये पाणी घालण्यासाठी थांबावे लागे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

आज चित्र पालटले आहे. आपल्या चाकणमध्ये बनणारी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालेली महिंद्रची बीई ६ ही विजेवर चालणारी गाडी तिच्या मोठ्या बॅटरीच्या रूपात २१० किलोवॅट, म्हणजे सुमारे २८० अश्वशक्ती देते. पहिल्या मारुतीच्या सातपट! थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती सात सेकंदांच्या आत गाठते, असे कंपनी सांगते. ही काही अब्जाधीशांची खेळणी नव्हेत. गृहकर्जाचे हप्ते भरणारी माणसेही आता अशा गाड्यांच्या शोरूममध्ये दिसतात.

पण या लेखाचा विषय कारखान्यातून निघालेल्या शक्तिमान गाड्या हा नाही. त्यांच्या शेजारी, फारशी चर्चा न होता, दुसरा एक बाजार उभा राहिला आहे. कारखान्याने दिलेली शक्ती ज्यांना अपुरी वाटते, त्यांना ती वाढवून देणारा हा बाजार. मुंबई-पुण्यापासून कोइम्बतूर-कोचीपर्यंत तो पसरला आहे, आणि त्याचे गिऱ्हाईक बहुतेक विशीतले, तिशीतले तरुण आहेत. गाडी अनेकदा वडिलांच्या नावावर असते आणि बदल मुलाच्या हौसेने होतात. म्हणूनच हा विषय केवळ मोटारवेड्यांचा न राहता घरातल्या सगळ्यांचा झाला आहे.

स्वस्त शक्ती, महाग बाकी सारे

पूर्वी इंजिनाची ताकद वाढवायची तर ते उघडावे लागे. बोअर वाढवा, कॅमशाफ्ट बदला, कार्बुरेटर बदला, असा तो आठवड्याभराचा उद्योग असे. हात तेलात बुडवणारा मेस्त्री लागे, आणि तो मेस्त्री शहाणा असेल तर "इंजिन वाढवतोस, पण गिअरबॉक्सचं काय?" असा प्रश्नही विचारी. आता तसे उरलेले नाही. आजच्या इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची, टर्बोने हवा किती दाबायची, हे सारे त्यातल्या कोष्टकांत लिहिलेले असते. स्टिअरिंगखालच्या जोडणीत लॅपटॉपची वायर लावून ती कोष्टके बदलता येतात. याला रिमॅपिंग म्हणतात. टर्बो असलेल्या इंजिनात अशा रीतीने वीस ते तीस टक्के शक्ती वाढवता येते, आणि काम एका दुपारीत आटोपते.

कंपनीने ही शक्ती आधीच का दिली नव्हती, असा प्रश्न कोणीही विचारील. कंपनी काही कंजूष नसते. राजस्थानचा उन्हाळा, भेसळीचे पेट्रोल, वेळेवर न बदललेले ऑइल, वर्षानुवर्षांचा वापर, प्रदूषणाचे नियम आणि द्यावी लागणारी हमी, या सगळ्यांसाठी तिने थोडी शिल्लक मागे ठेवलेली असते. घरात अडीअडचणीसाठी ठेवलेली मुदतठेव मोडून दिवाळीत उडवावी, तसाच हा व्यवहार आहे. पैसा आपलाच असतो, पण तो ज्यासाठी ठेवला होता ती अडचण काही टळलेली नसते.

खरा घोटाळा याच्या पुढे आहे. इंजिन शक्ती निर्माण करते, पण ती रस्त्यापर्यंत नेण्याचे काम दुसरेच अवयव करतात. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, अ‍ॅक्सल, चाकाशी असलेले जॉइंट आणि शेवटी टायर, अशी ही साखळी आहे. इंजिनाचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो या साखळीत वाटेत वाढत जातो. समजा, इंजिन २०० न्यूटन-मीटर पीळ देते. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपट झाला आणि डिफरन्शियलमध्ये पुन्हा चौपट झाला, तर अ‍ॅक्सलपर्यंत पोचेतो तो २८०० न्यूटन-मीटर होतो. आता लॅपटॉपवर तीस टक्के वाढ केली, म्हणजे इंजिनापाशी फक्त ६० न्यूटन-मीटरची भर पडली. अ‍ॅक्सलवर मात्र ८४० न्यूटन-मीटरचा जादा बोजा आला. तो पेलायला अ‍ॅक्सल जाड झालेला नसतो आणि गिअरचे दातही रुंद झालेले नसतात.

हा बोजा प्रथम भोगते ती क्लचप्लेट. ती घसरू लागते. इंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडीचा वेग वाढत नाही, आणि केबिनमध्ये जळका वास येतो. मग मालक जास्त पकडीचा क्लच बसवतो. त्यामुळे दुखणे बरे होत नाही, ते पुढच्या खोलीत राहायला जाते. आता घसरण्याची सोय न उरलेला सगळा झटका गिअरच्या दातांवर, नाही तर अ‍ॅक्सलच्या जॉइंटवर येतो. साखळीची एक कडी मजबूत केली की तुटण्याची पाळी पुढच्या कडीवर येते, एवढाच त्याचा अर्थ.

कंपन्या काय करतात?

हे सारे काल्पनिक वाटत असेल तर आपल्याच मराठवाड्यातले उदाहरण पाहू. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्कोडा कंपनी ऑक्टाव्हिया ही गाडी जोडून विकत असे. २०१३ साली आलेल्या तिच्या पिढीत १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन १८० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर पीळ देई. त्याला जोडलेल्या सात गतींच्या, कोरड्या क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची पीळ सोसण्याची मर्यादाही २५० न्यूटन-मीटरच होती. हा योगायोग म्हणता येणार नाही. इंजिन त्याहून अधिक देऊ शकत होते. इंजिनीअरांनी त्याला गिअरबॉक्सच्या कुवतीपाशी थांबवले.

पुढे २०१७ मध्ये याच गाडीचे आरएस हे वेगवान रूप भारतात आले. शक्ती २३० अश्वशक्ती, पीळ ३५० न्यूटन-मीटर. या वेळी कंपनीने गिअरबॉक्सच बदलला. तेलात बुडालेल्या क्लचचा, सहा गतींचा, ३५० न्यूटन-मीटर सोसणारा गिअरबॉक्स घातला. गाडी किंचित खाली बसवली, स्प्रिंगा अधिक ताठ केल्या, ब्रेक मोठे दिले. पन्नास अश्वशक्ती वाढवण्यासाठी ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, चाचणीचे ट्रॅक आहेत, ते लोक एवढे सगळे बदलतात. आपल्याकडचा हौशी तरुण तेवढीच वाढ एका दुपारीत करतो आणि बाकी सारे तसेच ठेवतो.

रस्त्यावर टेकणारी जागा

साखळीची शेवटची कडी म्हणजे टायर. एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण आपल्या तळव्याएवढ्या जागेवर. अशा चार तळव्यांवर हजार-बाराशे किलोंचे धूड धावत असते. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे त्याच जागेने करायची असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वजन मागे सरकते, नाक वर होते आणि ज्या चाकांना रस्ता धरायचा असतो नेमकी तीच हलकी होतात. मग ती जागीच फिरतात किंवा स्टिअरिंग एका बाजूला ओढतात. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाची पकड सुटली तेच गरगरा फिरते आणि पकड असलेल्या चाकाला हवा तो जोर मिळत नाही. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या चिखलात गाडी रुतली की हा स्वभाव आपण सगळेच पाहतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे वेगळे डिफरन्शियल असते.

सस्पेन्शनचे काम केवळ खड्ड्यांचे धक्के गिळणे एवढेच आहे, असा आपल्याकडे समज आहे. खरे तर टायर रस्त्याला चिकटवून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. कुटुंबाच्या गाडीत ते मऊ ठेवतात, कारण मागे आजी बसलेली असते आणि पुढे स्पीडब्रेकर असतो. वाढीव शक्तीच्या गाडीला अधिक ताठ स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि घट्ट बुश लागतात. हा संच महाग पडतो. मग स्वस्त उपाय म्हणून काही गॅरेजांत स्प्रिंगेचे एक-दोन वेढे कापून गाडी खाली बसवतात. दिसायला ती रुबाबदार दिसते. पण चाकाला वर-खाली व्हायला जागाच उरत नाही, शॉकअ‍ॅब्सॉर्बर लवकर फुटतात, आणि भर वळणात खड्डा आला की चाक क्षणभर अधांतरी होते. तो एक क्षण पुरेसा असतो.

आणि ब्रेक? इथे शाळेतले भौतिकशास्त्र आठवावे लागते. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. बाराशे किलोंची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात घरातल्या पातेल्यातले सुमारे दीड लिटर पाणी उकळीला येईल. वेग १४० असेल तर जवळजवळ तीन लिटर. गॅसवर या आधणाला काही मिनिटे लागतात. ब्रेकला हे काम काही सेकंदांत करावे लागते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर १०० च्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण पन्नास मीटरमध्ये थांबते. १४० च्या वेगात हेच अंतर शंभर मीटरच्या घरात जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर वेगळेच. त्यात ब्रेक ऑइल जुने असेल, त्याने हवेतला ओलावा शोषलेला असेल, तर ते कमी तापमानाला उकळते. मग घाट उतरताना पेडल अचानक मऊ लागते आणि थेट तळाशी जाते.

कायद्याचे डोळे आणि कान

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, हाच अर्थ ठामपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सीएनजी किंवा विजेचा मान्यताप्राप्त संच बसवायला वाट ठेवलेली आहे. त्याची आरसी बुकात नोंद होते.

कागदावर हे कडक आहे. व्यवहारात कायदा पकडतो ते डोळ्यांना दिसणारे आणि कानांना ऐकू येणारे. फटफटणारे सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि रोडरोलरखाली चिरडतात. त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. काळ्या काचा, चमत्कारिक नंबरप्लेट यांवर दंड होतो. हे व्हायलाच हवे. पण बदललेली कोष्टके चौकातल्या हवालदाराला दिसणार कशी? कापलेली स्प्रिंग पाहायला गाडीखाली कोण वाकणार? खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की ती पंधरा वर्षे चालते. या काळात पीयूसीसाठी धूर तपासला जातो. ब्रेक, सस्पेन्शन, टायर कोणीही नियमाने तपासत नाही.

याचा परिणाम उलटा होतो. शक्ती वाढवणे अदृश्य असते, म्हणून ते बिनधास्त होते. मोठे ब्रेक, रुंद चाके, नवे सस्पेन्शन दिसतात, खर्चिक असतात आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी कंपनीला बोट ठेवायला जागा देतात. म्हणजे धोका वाढवणारा बदल सोपा आणि धोका कमी करणारा बदल अवघड, अशी स्थिती आपण निर्माण करून ठेवली आहे. जो तरुण सगळी साखळी नीट बदलू पाहतो, त्यालाही ती तपासून घेऊन कागदावर चढवण्याची ठरलेली वाट नाही. कायद्याच्या नजरेत तो आणि स्प्रिंग कापणारा दोघेही सारखेच.

जर्मनीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळतात. तिथे गाडीत असा बदल केला की तिचा रस्त्यावर येण्याचा परवाना अडचणीत येतो; पण टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून तो बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवता येतो. शक्ती वाढवली असेल तर ब्रेक आणि टायर तिला पुरतात का, हेही पाहिले जाते. शिवाय प्रत्येक खासगी गाडी नवी असताना तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावीच लागते. बंदीही नाही आणि मोकाटपणाही नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जिथे ट्रकचे पासिंग कसे होते हे सर्वांना ठाऊक आहे, तिथे बदलांची तपासणी सुरू केली तर आणखी एक खिडकी आणि आणखी एक दलाल, एवढेच हाती लागेल. पण त्यावरचा उपाय तपासणीच नको, हा होऊ शकत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून काम करणारी एआरएआय ही संस्था देशभरातल्या वाहनांना आणि सुट्या भागांना प्रमाणपत्रे देत आली आहे. कोणत्या गाडीला कोणता ब्रेक, कोणती स्प्रिंग, कोणते टायर चालतील, अशा संचांना मान्यता देण्याचे ज्ञान आपल्याकडे आहे. सीएनजीच्या संचांबाबत हे घडले. मग सुरक्षिततेच्या संचांबाबत का घडू नये? आणि ज्यांना वेगाची खरोखर ओढ आहे, त्यांना रस्ता सोडून जायला जागाही हवी. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात पाव मैलाच्या शर्यती भरत, तेव्हा हेल्मेट, तपासणी आणि रुग्णवाहिका या तिन्हींच्या साक्षीने तरुण आपली हौस भागवत होते. तशी कायमची, परवडणारी जागा नसेल तर रात्री अकरानंतरचा हमरस्ताच शर्यतीची धावपट्टी होतो.

शेवटची कडी

या साखळीत एक कडी अशी आहे की ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती म्हणजे स्टिअरिंगमागचा माणूस. १९८० च्या दशकात जागतिक रॅली स्पर्धेत 'ग्रुप बी' नावाचा गट होता. त्यातल्या गाड्यांची शक्ती काही वर्षांत बेसुमार वाढली. चारही चाकांना जोर, जगातले उत्तम इंजिनीअर, जगातले उत्तम चालक, सारे हाताशी होते. तरी १९८६ साली पोर्तुगालमध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि काही जण दगावले. पुढे कॉर्सिकात हेन्री टोइवोनेन हा अव्वल चालक आणि त्याचा साथीदार दरीत कोसळून मृत्युमुखी पडले. त्या वर्षअखेर तो गटच बंद करण्यात आला.

आपल्या पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअरांचा बळी गेला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे; न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ती गाडी कारखान्यातून आलेली होती. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, कशातच कमतरता असण्याचे कारण नव्हते. म्हणजे साखळी पूर्ण असूनही पुरेशी नसते. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, आणि त्यांतल्या दहांपैकी सात मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खात्यावर झाली. मेलेल्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे हजारो होते. दुसऱ्याच्या गाडीची अश्वशक्ती किती, हे ठरवताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

मग घरात हा विषय निघाला तर काय सांगावे? नुसते 'नाही' म्हणून भागत नाही. हौस नकाराने मरत नाही, ती लपून होते. त्यापेक्षा क्रम सांगावा. आधी चांगले टायर, वेळेवर बदललेले ब्रेक ऑइल आणि धड शॉकअ‍ॅब्सॉर्बर. मग बंदिस्त ट्रॅकवर गाडी चालवण्याचे शिक्षण. आणि एवढे करूनही शक्ती अपुरी वाटली तर जास्त शक्तीची, कारखान्याने तशीच बांधलेली गाडी. या क्रमात लॅपटॉपची पाळी येतच नाही, हे ऐकणाऱ्याच्या आपोआप लक्षात येईल.

समृद्धी महामार्गाने आता नागपूर आणि मुंबई जोडली आहेत. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. रस्ते रुंद होत राहतील आणि इंजिनेही मोठी होत राहतील. ते थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. सरकारने तपासणीची वाट काढावी, गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाला आधी ब्रेकबद्दल विचारावे, आणि ज्याच्या नावावर आरसी बुक आहे त्याने आपल्या गाडीत काय काय बदलले आहे, हे निदान माहीत करून घ्यावे. अपघातानंतर सही कोणाची होती, हा प्रश्न त्यालाच विचारला जातो.